भरतीच्या धावण्यानंतर लघवी काळी – स्नायूची 'फॉस्फरसवाली एमआरआय' कुठे होते का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. प्रश्न भावासाठी आहे, जरा लांबेल.

भाऊ २२ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो. गोळाफेकीत पोरांच्यात पहिला-दुसरा. १०० मीटरला बरा. पण १६०० मीटरची पहिली फेरी संपायच्या आत त्याच्या मांड्या लाकडासारख्या होतात. शाळेपासून हेच. पीटीच्या तासाला "अंगचोर" म्हणायचे, आम्ही घरचेही म्हणायचो.

जानेवारीत अकॅडमीतल्या सरांनी "नाटकं बंद कर" म्हणून त्याला चारही फेऱ्या पूर्ण करायला लावल्या. रात्री मांड्या सुजल्या, सकाळी लघवी कोकाकोलासारखी. दवाखान्यात पाच दिवस सलाईन. सीपीके (स्नायू तुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम) ४८,००० निघालं. किडनी वाचली. दोन महिने पूर्ण आराम केल्यावर पुन्हा तपासलं तरी सीपीके ३,१००.

न्यूरोवाले डॉक्टर म्हणतात, स्नायूला साखरेचा साठा वापरता येत नसावा, बहुतेक मॅकआर्डल नावाचा आजार. खात्रीसाठी जनुकीय तपासणी किंवा मांडीचा तुकडा काढून बायॉप्सी. आई 'तुकडा' ऐकूनच रडायला लागली. मी शोधत बसले तर कळलं की एमआर स्पेक्ट्रोस्कोपी नावाचा प्रकार आहे, न कापता स्नायूच्या आतली रसायनं दिसतात. तीन सेंटरना फोन केले. एकाने सांगितलं, "होते, पण मेंदूची." दुसऱ्याने विचारलं, "कॉन्ट्रास्ट घालून का?" तिसऱ्याने फोन ठेवला.

हे खरंच होतं का? कुठे? आणि त्यातून कळतं काय?

कोथरूड_टेक

ताई, मी एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. ज्याने फोन ठेवला त्याच्या वतीने माफी मागतो, पण "मेंदूची होते" म्हणणारा खोटं बोलत नव्हता.

आमचं मशीन हायड्रोजन ऐकतं. ३ टेस्लाच्या मशीनमध्ये हायड्रोजन साधारण १२८ मेगाहर्ट्झवर वाजतो, फॉस्फरस ५२ च्या आसपास. आमची कॉइल आणि अँप्लिफायर १२८ लाच जुळवलेले. आकाशवाणी सांगली लावलेल्या रेडिओवर दुसरं स्टेशन का लागत नाही, तसंच हे. फॉस्फरससाठी वेगळी कॉइल लागते, वेगळा अँप्लिफायर, वेगळं सॉफ्टवेअर. इतका खर्च करून महिन्याला एखादा पेशंट येणार, म्हणून कुठलाच मालक ते घेत नाही. मेंदूची स्पेक्ट्रोस्कोपी हायड्रोजनवरच होते, म्हणून ती सगळीकडे मिळते.

मांड्यांची साधी एमआरआय करून घेता येईल. सूज, चरबी दिसेल. मॅकआर्डल आहे की नाही ते त्यात दिसणार नाही, उगाच सात-आठ हजार घालवू नका.

चुंबकवाला (पुणे)

मी डॉक्टर नाही. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात अठरा वर्षं फॉस्फरसच्याच चुंबकापाशी काढली, आता निवृत्त. तुमचा प्रश्न वाचून चहा गार झाला.

तुमच्या भावाच्या गोळाफेकीपासून सुरुवात करतो. निम्मं उत्तर तिथेच पडलंय.

स्नायू एटीपी नावाच्या इंधनावर चालतो, पण एटीपीचा साठा दोन-चार सेकंदांपुरताच. म्हणून शेजारी फॉस्फोक्रिएटिन असतं. एटीपी खर्च झालं की ते आपला फॉस्फेट देऊन लगेच भरपाई करतं. खिशातले सुटे पैसेच म्हणा. गोळा फेकायला एवढं पुरतं, १०० मीटरही बहुतांशी निघतं. त्यापुढे ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा, फोडावं लागतं. तुम्ही सांगलीच्या, हरिपूरची हळदीची पेवं तुम्हाला ठाऊक असतील. जमिनीखाली माल भरलेला, वर तोंड बंद. मॅकआर्डलमध्ये पेव काठोकाठ भरलेलं असतं, पण तोंड उघडणारं एन्झाइम, मायोफॉस्फोरायलेज, स्नायूत नसतं. भावाचे सुटे संपतात, पेव उघडत नाही, आणि सर शिट्टी वाजवत राहतात.

ब्रायन मॅकआर्डल लंडनच्या गाइज हॉस्पिटलात होते. १९५१ साली त्यांनी तीस वर्षांच्या एका माणसाचं वर्णन छापलं. कष्ट केले की स्नायू दुखायचे, आखडायचे, पण ग्लायकोजेन फुटलं की रक्तात वाढायला हवं ते लॅक्टेट वाढतच नव्हतं. तेवढ्यावरून त्यांनी ताडलं की ग्लायकोजेन फुटत नाही. नेमकं कुठलं एन्झाइम नाही ते १९५९ मध्ये कळलं.

आता फॉस्फरस. निसर्गात त्याचा एकच स्थिर समस्थानिक, ३१, आणि तो चुंबकाला ऐकू येतो. त्यामुळे कसलंही औषध टोचायला लागत नाही. मिळतो तो फोटो नसतो, शिखरांचा आलेख असतो. मधोमध फॉस्फोक्रिएटिनचं उंच शिखर, एका बाजूला एटीपीची तीन, दुसऱ्या बाजूला सुटा झालेला अजैविक फॉस्फेट आणि त्याच्याही पलीकडे साखरेला चिकटलेले फॉस्फेट. (हे फॉस्फोक्रिएटिन आम्ही 'पीसीआर' म्हणायचो. कोविडनंतर तो शब्द वापरायची सोय राहिली नाही.)

माझ्या दृष्टीने खरी कमाल अजैविक फॉस्फेटच्या शिखराची. ते जागचं सरकतं, आणि किती सरकलं यावरून स्नायूच्या आतला सामू काढता येतो. सुई नाही, रक्त नाही, आणि पेशीच्या आत आम्ल किती झालंय ते कळतं!

१९७४ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने उंदराच्या ताज्या कापलेल्या पायाच्या स्नायूचा असा आलेख छापला. त्यात हूल्ट होते, गेडियन होते आणि हंगेरीतून आलेले जॉर्ज राडा. माणसाचा हात मावेल एवढं चुंबक मिळायला पुढे काही वर्षं गेली. मग १९८१ साली त्याच ऑक्सफर्डमध्ये मॅकआर्डलचा संशय असलेल्या एका रुग्णाचा दंडाखालचा हात चुंबकात घातला. माणसाच्या आजाराचं या पद्धतीने केलेलं हे अगदी सुरुवातीचं निदान. त्यामुळे आमच्या धंद्यात मॅकआर्डलला जरा घरच्या देवाचा मान आहे.

प्रयोग दिसायला फालतू. माणूस आडवा, हात चुंबकात, मुठीत रबरी फुगा. आधी विश्रांतीचा आलेख. मग "दाबा, सोडा, दाबा, सोडा", दर काही सेकंदांनी एक आलेख. मग "थांबा", आणि परत भरपाई होताना आलेख. यंत्र तपासायला पहिला हात माझाच असायचा, तेव्हा माझे आकडे मला पाठ आहेत. विश्रांतीला सामू ७.०५. अडीच मिनिटं जोर लावला की फॉस्फोक्रिएटिन निम्म्याच्या खाली, अजैविक फॉस्फेटचं शिखर उंच होऊन फॉस्फोक्रिएटिनकडे सरकलेलं, सामू ६.५ च्या आसपास. म्हणजे लॅक्टिक आम्लाचा कारखाना जोरात. थांबल्यावर अर्ध्या मिनिटात निम्मी भरपाई. ती भरपाई मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, करतात, म्हणून त्यांच्या आजारात हीच चढण रेंगाळते.

मॅकआर्डलच्या माणसाचा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, तार सुटलीय. फॉस्फोक्रिएटिन झपाट्याने कोसळलं, अजैविक फॉस्फेटचं शिखर वर गेलं, आणि तिथंच उभं. सरकेना. सामू ७.१ च्या जवळ, सुरुवातीपेक्षा किंचित जास्तच. याचं कारण फॉस्फोक्रिएटिन फुटताना थोडं आम्ल खाल्लं जातं. निरोगी माणसात ते लॅक्टिक आम्लाखाली झाकलं जातं. यांच्यात झाकायला काही नसतं.

ते गृहस्थ पोस्टमन होते. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "मी पुरेसा जोर लावला ना?" मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. फॉस्फोक्रिएटिन जवळपास तळाला गेलेलं. जोर न लावता ते तिथवर जात नाही. अंगचोराचा आलेख कसा दिसतो ते मला माहीत आहे, बरेच विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून यायचे. त्यांची शिखरं हलत नाहीत.

तुमचा 'कुठे' मात्र अवघड आहे. दिल्लीच्या एम्समध्ये एनएमआरचा, म्हणजे याच चुंबकी तंत्राचा, स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे स्नायूंच्या आजारांवर संशोधन झालेलं आहे, पण ही काउंटरवर पैसे भरून मिळणारी तपासणी नाही. आणि मला विचाराल तर तुमच्या भावाला ती लागणारही नाही. आधी जनुकीय तपासणी करा. माझ्या तोंडून हे ऐकून माझे जुने सहकारी रागावतील.

न्यूरो_रजिस्ट्रार

चुंबकवाले काकांशी सहमत. थोडं रोखठोक लिहिते.

ताई, रक्त किंवा लाळेवर होणाऱ्या जनुकीय पॅनलमध्ये पीवायजीएम हे त्या एन्झाइमचं जनुक असेलच, ते अकराव्या गुणसूत्रावर असतं. दोन्ही प्रतींत दोष सापडला तर बायॉप्सीची गरज नाही. आईंना आजच सांगा. अहवाल संदिग्ध आला तर मग स्नायूचा तुकडा, तोही आता बहुतेकदा छोटा असतो. मध्ये एक स्वस्त तपासणी आहे: मिनिटभर मूठ जोरात आवळायची आणि शिरेतून रक्त घेऊन लॅक्टेट आणि अमोनिया बघायचं. मॅकआर्डलमध्ये अमोनिया चढतो, लॅक्टेट जागेवर राहतं. पूर्वी दंडाला पट्टा आवळून करायचे, त्यात स्नायूला इजा व्हायची. आता पट्ट्याशिवाय करतात. अनुभवी माणसाकडेच करा.

दोन प्रश्न. आई-वडील नात्यातले आहेत का? आणि त्रास पहिल्या दोन-चार मिनिटांत होतो की तासाभराच्या कामानंतर, उपाशीपोटी, तापात? दुसरं असेल तर चरबी जाळण्यातला दोष शोधावा लागतो. पण त्यात दोन झटक्यांच्या मधे सीपीके बहुधा नॉर्मल असतं. तुमच्याकडे आरामातही ३,१०० आहे, म्हणून तुमच्या डॉक्टरांचा अंदाज मला बरोबर वाटतो.

काळी लघवी परत झाली तर घरी पाणी पाजत बसू नका. थेट इमर्जन्सी.

दुसरा_दम (अमरावती)

ताई, मी स्वतः मॅकआर्डलवाला. वय ४१. वीस वर्षं मला पण सारे आळशीच म्हणून राहिले होते.

भावाले एक गोष्ट विचारा. हळू चालत असताना सात-आठ मिनिटांनी पाय एकदम मोकळे झाले असं कधी होते का? आधी जड, छातीत धडधड, मग जसं कोणी मागून ढकलते. याले इंग्रजीत 'सेकंड विंड' म्हणतात, त्याचंच मी इथं नाव घेतलं आहे. तेवढ्या वेळात रक्तातली साखर आणि चरबी स्नायूत पोचते, बंद गोदामाची गरज पडत नाही. मी घड्याळात पल्स पाहतो. सुरुवातीला साध्या चालण्याले १४०, आठ मिनिटांनी त्याच चालीले ११५.

डॉक्टरांनी मला चालायच्या आधी साखरेचं पाणी सांगितलं आहे. त्याच्यावर अभ्यास झालेला आहे: २००३ मध्ये ७५ ग्रॅम साखर देऊन पाहिली होती, पुढे ३७ ग्रॅम पाच मिनिटं आधी दिली तरी जमते असं दिसलं. पण रोज असं प्यायलं तर वजन वाढते. माझं नऊ किलो वाढलं. आता फक्त जिना, लग्न, प्रवास, अशा वेळी.

चुंबकवाला

अमरावतीकरांचा अनुभव मोलाचा, पण साखरेपाशी थांबा. निदान पक्कं होईपर्यंत भावाला देऊ नका.

मॅकआर्डलसारखाच दिसणारा आणखी एक आजार आहे, जपानच्या तारुई यांनी १९६५ मध्ये वर्णन केलेला. तिथेही व्यायामाने गोळे येतात, लॅक्टेट वाढत नाही, लघवी काळी होते. पण अडथळा एक मजला खाली आहे, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या एन्झाइमपाशी. ग्लायकोजेन फुटतं, रक्तातून साखरही येते, आणि दोन्ही याच दारात अडकतात. तिथे साखर दिली तर उपयोग शून्य, उलट साखरेमुळे रक्तातली चरबी कमी होते आणि स्नायूचं उरलेलं इंधनही आटतं. मॅकआर्डलला जो उपाय, तोच तारुईला अपाय.

फॉस्फरसच्या आलेखात हे दोन आजार वेगळे ओळखता येतात. दोन्हीत सामू घसरत नाही. पण तारुईत व्यायाम सुरू होताच आलेखाच्या त्या टोकाला, साखरेला चिकटलेल्या फॉस्फेटच्या जागी, एक नवं शिखर उगवतं आणि वाढत जातं. दारात अडकलेली गर्दी. मॅकआर्डलमध्ये ती जागा जवळपास सपाट. साखळीची नेमकी कुठली कडी तुटली ते जिवंत माणसाच्या हातात, मूठ दाबत असताना दिसतं. माझी अठरा वर्षं याच्यावर गेली, याचं मला काही वाटत नाही ते यामुळेच.

तरी यंत्राची मर्यादा सांगतो. फॉस्फरसचा आवाज हायड्रोजनच्या मानाने फारच बारीक, म्हणून स्नायूचा मोठा तुकडा एकत्र ऐकावा लागतो. मायटोकॉन्ड्रियाच्या आजारात तर आलेख चांगला येऊनही आजार असू शकतो. आणि रुग्णाने मनापासून दाबलं नाही तर सगळंच फुकट. आज या तंत्राचा उपयोग निदानापेक्षा औषध लागू पडतंय का ते बघायला जास्त होतो. एकाच माणसाची फॉस्फोक्रिएटिनची चढण आधी आणि नंतर मोजता येते, दर वेळी मांडी कापायला नको.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. डॉक्टर ताई, हो, आई बाबांच्या सख्ख्या मामांची मुलगी. आमच्याकडे पद्धतच आहे. त्रास पहिल्या दोन मिनिटांतच होतो.

आणि दुसरा_दम दादा, तुमचा प्रश्न भावाला विचारला तर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?" तो ग्राउंडवर सगळ्यांच्या आधी अर्धा तास जायचा आणि एकटाच हळूहळू चकरा मारायचा. मग थोडं पळता यायचं. जानेवारीत त्या दिवशी एसटी उशिरा आली, चकरा मारायला वेळ मिळाला नाही. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

लाळेचा नमुना गेला आहे. सहा आठवडे लागतील म्हणे. साखर नाही देणार तोवर.

कृष्णाकाठ (दोन महिन्यांनी)

अहवाल आला. पीवायजीएम, दोन्ही प्रतींत तोच दोष. बायॉप्सी रद्द. मॅकआर्डलच.

भरतीचा फॉर्म भरला नाही. दोन दिवस कुणाशी बोलला नाही, मग स्वतःच उठून चालायला गेला. आता रोज संध्याकाळी घरातून आयर्विन पुलापर्यंत. घाटाच्या अलीकडे कुठेतरी पाय सुटतात म्हणतो, ७ मिनिटं ४० सेकंद, मोबाईलवर मोजतो. चुंबकवाले काकांनी सांगितलेलं त्याला वाचून दाखवलं, अंगचोराची शिखरं हलत नाहीत ते. त्याने ते वाक्य स्क्रीनशॉट काढून अकॅडमीच्या ग्रुपवर टाकलं आणि ग्रुप सोडला.

आता एक व्यावहारिक प्रश्न. डॉक्टरांनी जिन्याच्या आधी साखर चालेल म्हणून सांगितलंय. पण बाबांना मधुमेह आहे, घरात साखरेचा डबा आईने कुलपात ठेवलाय. पुढच्या महिन्यात चुलतभावाचं लग्न आहे, हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुळाची ढेकूळ चालेल का?

दुसरा_दम

चालते. मी पण गूळच ठेवतो. पण आधी हॉलच्या खाली दहा मिनिटं फेऱ्या मार म्हणा, मग जिना. आणि जिन्यात कोणी "काय रे, दमला का" म्हटलं तर थांबायचं, खुशाल थांबायचं. वर जेवण संपत नाही.